दोन बोटं

पहाटेचे पाच. कस्तुरचंद पार्कावर हात काखेत घालावे अशी थंडी
आणि लाउडस्पीकरवर कुणीतरी उगीच आनंदी.
पाठीवर सेफ्टीपिनांनी टाचलेलं कापड:
सुदाम धकाते. यमुना हेडाऊ.
लेकीनं मार्करनं लिहिलं. शेवटचा ऊ
कडेला मावेना, म्हणून खाली उतरला.
आत्या असती तर म्हणाली असती,
'राहू दे वं, मी खालीच बरी.'

बेचाळीस किलोमीटर, माझ्या वयाहून दोनच कमी.
किलोमीटरला शंभर, असं सगळ्यांना मागत हिंडले.
बँकेतले, सोसायटीतले, शाळेच्या ग्रुपवरचे,
आणि गोळीबार चौकातला पानठेलेवाला.
पन्नीवर खर्रा घोटता घोटता
हात न थांबवता तो म्हणाला,
'दोनशे लिवा ताई. तुमच्या काकाचे लय उपकार हायेत.'
लिहिले. पावती फाडून दिली.
पावतीवर चुन्याचं बोट उमटलं.

तो ठेला आधी आमचा होता.
हे मी फॉर्मवर कुठं लिहिलं नाही.
तशी रकानाच नव्हता.
बाबा घोटायचे, दिवसाला दोनशे पुड्या:
माझी फी, माझे कॅनव्हासचे बूट, माझं बी.कॉम.
स्वतः कधी चाखला नाही.
हलवायानं मिठाई खाऊ नये, म्हणायचे.
धाकटा भाऊ मात्र तिथंच उभा,
हिशेब तोंडी,
आणि दुसरं काही गालात.

फुटाळ्याला उजाडलं. पाण्यावर बगळे, काठावर
कालच्या मक्याची कणसं.
सेमिनरी हिल्सच्या चढावर माझं तोंड उघडलं
आणि मिटेना.
काकाचं शेवटी दोन बोटं उघडायचं.
रोज सकाळी आरशापुढं तो बोटं घालून बघायचा,
तिसरं मावतं का.
वरणाचं पाणी, चमचाही आडवाच.
मी इथं अख्ख्या टेकडीची हवा गिळतेय,
लाज वाटावी इतकी.

आत्याची गाठ सुपारीएवढी होती तेव्हाच तिला कळली होती.
'भाचीचं लगीन होऊन जाऊ दे.'
फोटोत ती माझ्या डाव्या बाजूला हसतेय,
पदर घट्ट धरून.
मला तेव्हा वाटलं, पंख्याचा वारा आहे.

एकतिसावा, तुकडोजी पुतळ्याजवळ.
हॉस्पिटलच्या भिंतीला लागून रात्रीची माणसं उठत होती,
गडचिरोलीची, शिवनीची, कुठकुठची,
उशाला एक्स-रेचं पाकीट.
दात घासता घासता एका बाईनं विचारलं,
'कुठी जाऊन राहिले वो एवढे सारे?'
गोल फिरून परत तिथंच, हे खरं उत्तर होतं.
तेवढा श्वास नव्हता. हात हलवला.
तिनंही हलवला, ब्रश धरलेला.

अडतिसाव्याला बाबा. प्लास्टिकच्या खुर्चीत,
कानटोपी, मांडीवर संत्री.
फोडीवरचा पांढरा दोरा अंगठ्यानं काढत,
घोटत, घोटत,
अठ्ठ्याहत्तरीतही अंगठा तोच.
'किती झाले?'
'अडतीस.'
'पैसे विचारून राहिलो, पोरी.'
'एक लाख बारा हजार.'
त्यांचे ओठ हलले. पुड्यांत मोजत असावेत.
बराच वेळ मोजत होते.
मागून आलेली दोन पोरं पुढं निघून गेली,
माझ्या पिंढऱ्या दगड होत गेल्या,
आणि आकडा काही त्यांनी सांगितला नाही.
नुसतं म्हणाले, 'आ कर.'

मी केला. त्यांनी आत बघितलं,
डॉक्टर बघतात तसं, थोडं वाकून,
आणि मग फोड ठेवली.

राहिलेले चार किलोमीटर अर्धे चालत, अर्धे फरफटत.
फोड केव्हाच संपली होती.
बी गालात होती.
थुंकायला जागा शोधत राहिले,
कोपऱ्याकोपऱ्यावर लाल भिंती,
आणि थुंकलीच नाही.